सोमीच्या घरचं नवं

हे लिहायला मी बसावं की नाही, यावर आमच्या घरात दोन पावसाळे वाद चालला. बायको म्हणते, लिहा. मुलगी म्हणते, मोबाइलसमोर बोला, तो आपोआप लिहून घेतो. मला स्वतःला वाटत होतं, आयुष्याबद्दल लिहायचं तर माणसाने काहीतरी करून दाखवलेलं असावं. मी पालघरच्या किनाऱ्यावरच्या दांडीच्या एका मच्छीमाराचा मुलगा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस, आणि पुढे नोकरीभर शाळेत गणित शिकवलं. एवढ्यावर पुस्तक होत नाही, हे मला कळतं. माझं मराठीही गणिताच्या मास्तरचंच आहे, सरळ पायऱ्यांनी जाणारं. तेव्हा हे धाडस वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. एकच सांगतो, या प्रकरणात जे काही बरं आहे ते माझं नाही. ते माईंचं आहे. माईंनी जन्मात सहीपलीकडे काही लिहिलं नाही, आणि त्यांचं घर पाहिलेली जी माणसं आज आहेत त्यांच्यापैकी कुणाला लिहायचा उत्साह नाही. म्हणून मी.

माई आणि आप्पांचं घर बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, वाडीत होतं. पुढे चिकू, कडेने नारळ, विहिरीच्या पाण्यावर केळी, आणि मागच्या बाजूला भाताची चार खाचरं. आज त्या बाजूला इमारती झाल्यात. मी मध्ये एकदा रिक्षावाल्याला वाडीची जागा दाखवायला गेलो आणि मलाच सापडली नाही. तेव्हा मात्र रस्त्यावरून नारळीच्या झावळ्या दिसायच्या आणि त्यांच्या मागून मुलांचे पाढे ऐकू यायचे. दोघांच्या मुली लग्न होऊन गेलेल्या होत्या. घर रिकामं झालं असतं, पण माईंनी ते होऊ दिलं नाही. एका वर्षी वाडीत कामाला आलेलं डोंगराकडचं एक कुटुंब भातकापणीनंतर वसईच्या बाजूला वीटभट्टीवर निघालं होतं. त्यांच्या मुलीच्या हातात तिसरीचं पुस्तक होतं. माईंनी विचारलं, "ही तिकडे शाळेत कुठे जाणार?" बाप हसला. माई म्हणाल्या, "मग ठेवून जा हिला." आप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "अगं, आधी विचारायचं तरी!" "विचारलं की." "कुणाला?" "देवाला." "कधी?" "आत्ताच, तुम्ही पान खात होतात तेव्हा." ही हकिगत आप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आणि दर वेळी माई आतून ओरडायच्या, "खोटं आहे, तुम्ही तंबाखू खात होतात!"

ती मुलगी म्हणजे सोमी. मी तिथे जायला लागलो तेव्हा ती दहावीत होती आणि घरात एकूण सात मुलं झाली होती, चार मुली, तीन मुलगे. सगळी डोंगराकडच्या पाड्यांवरची. त्यांचे आईबाप पावसाळ्यात आपलं थोडंसं भात पिकवायचे, ते कापून झालं की मुकादमाच्या टेम्पोत बसून भट्टीवर जायचे आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. पोरं बरोबर गेली की वर्ष बुडालंच. माईंच्या घरी राहिली की वाचलं. इतकं सोपं होतं ते. त्याला संस्था नव्हती, पाटी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. चूल एक होती आणि पातेली मोठी मोठी होत गेली होती.

माईंची देवाशी बोलायची रीत न्यारी होती. सकाळी दिवा लावला की त्या मोठ्याने, वाण्याला यादी सांगावी तशा, सांगायला लागायच्या. "भात आहे. डाळ संध्याकाळपर्यंत पुरेल. कमळीची चप्पल तुटली, ते बघ. भाजीचं काही नाही आज, तेही बघ." एवढं झालं की हात जोडायच्या आणि तांदूळ धुवायला घ्यायच्या. आमटी कशाची, कालवण कशाचं, याचा पत्ता नसताना भात चुलीवर चढलेला असायचा. आणि बहुतेक वेळा काहीतरी यायचंच. कुणाच्या वाडीतली वांगी, कुणाच्या लग्नातले उरलेले लाडू, एकदा तर चक्क अर्धा फणस. बरेचदा यायची ती माझी आई. ती दांडीहून मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात जायची आणि परतताना राहिलेले बोंबील माईंच्या पडवीत ओतायची. माई म्हणायच्या, "बघा, देवाने पाठवले." आई पाय पसरून बसत म्हणायची, "देवाने नाय गो माई, मी आनलेत. पाय माझे दुखतात, त्याचे नाय." मग दोघी हसायच्या आणि चहा पीत बसायच्या. त्यांतली कोण बरोबर होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईनेच माझं नाव तिथे घातलं. मी पालघरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो, कारण पुढे बसलेल्यांना सर इंग्रजीत प्रश्न विचारायचे. घरी आई सगळ्या गल्लीत सांगायची, "आमचा हरेश कालेजात हाय," आणि मी रात्री जेवताना गप्प असायचो. मला रोज वाटायचं, आपण चुकून इथे आलोय आणि एक दिवस कुणीतरी हाताला धरून बाहेर काढणार. असल्या मुलाला माईंनी आईकरवी निरोप धाडला की संध्याकाळी येऊन मुलांचं गणित घे. मी म्हटलं, मला कुठे येतं? आई म्हणाली, "त्यांना तुझ्यापेक्षा कमी येते. जा."

मी सायकलने जायला लागलो. संध्याकाळी कारखान्यांचा भोंगा व्हायचा, पाळी सुटलेले कामगार हिंदीत गप्पा मारत सायकली हाणत रस्त्याने जायचे, आणि मी त्यांच्या उलट्या दिशेने वाडीत शिरायचो. पडवीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुलं बसलेली असायची. आत फोडणीचा चर्र आवाज, विहिरीवर रहाटाची कुरकुर, आप्पांच्या झोपाळ्याच्या कड्या, आणि मध्ये मी, फळ्यावर बीजगणित. तिथे मला कोणी इंग्रजीत प्रश्न विचारत नव्हतं. मुलं मला 'मास्तर' म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

सोमी हुशार होती, हे सांगायला मला अवघड वाटतं, कारण तेव्हा ते मला थोडं टोचायचं. ती गणित वहीत करायच्या आधी बोटाने हवेत करायची, ओठ हलवत, आणि मग एकदम उत्तर. मी पायऱ्या लिहायला सांगितल्या की वैतागायची. "मास्तर, तुमचा क्ष रोज हरवते. काल शोधून दिला ना? नीट ठेवायचा होता." सगळी हसायची, मीही हसायचो. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की ही पास होईलच, आणि चांगल्या गुणांनी होईल, फक्त मार्चपर्यंत इथे राहिली पाहिजे. डोंगराकडच्या त्या पाड्यावरून तोवर कोणी मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली नव्हती. माईंचा सगळा जीव त्या मार्चमध्ये अडकला होता.

म्हणूनच माईंनी एक नियम केला होता. दिवाळीच्या सुट्टीत कुणी घरी जायचं नाही. दोन वर्षांपूर्वी दोघं भाऊ चार दिवसांसाठी म्हणून गेले ते थेट भट्टीवर पोचले होते. त्या दिवशी माई जेवल्या नाहीत. तेव्हापासून त्या म्हणायच्या, "ज्याला मूल बघायचं आहे त्याने इथे येऊन बघावं. जेवायला घालीन. पण इथून एकही पाऊल बाहेर नाही." प्रेमाने केलेला नियम होता. मी तर तेव्हा त्याचं फार कौतुक करायचो.

दसऱ्याला माईंच्या घरी नवं झालं. मागच्या खाचरातल्या हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या लोंब्या झेंडूबरोबर दारावर बांधल्या, नव्या तांदळाचा भात देवापुढे ठेवला, आणि मग घरात नवा तांदूळ खायला मोकळीक झाली. आमच्या बाजूला हे घरोघर होतं, त्यात विशेष काही नाही. पुढे भात झोडून, गिरणीतून तांदूळ करून यायला काही दिवस गेले, एरवी जुना तांदूळ दिवाळीपलीकडे पुरायचा, त्या वर्षी मात्र तोवर जुन्या तांदळाची कणगी तळाला गेली. ज्या दिवशी नवे तांदूळ आले त्या दिवशी माईंचा आनंद घरात मावत नव्हता. नव्या भाताचा वास काय असतो ते ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. मऊ, जरासा चिकट, दुधासारखा. माईंनी त्यावर नारळाच्या रसातली गूळ घालून खीर केली. मला मुद्दाम जेवायला थांबवून घेतलं. केळीच्या पानांची पंगत बसली. माईंनी स्वतः वाढलं.

कुणीच जेवेना.

सोमीने पानाला हात लावला, कपाळाला लावला आणि मांडीवर ठेवला. बाकीची सहा जणं तिच्याकडे बघत होती. त्यांनीही तसंच केलं. सर्वात धाकटा बुध्या, दुसरीतला, खिरीकडे टक लावून बघत होता आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पण हात उचलला नाही. माईंनी विचारलं, "काय झालं गं?" सोमी म्हणाली, "पोट दुखते." "सगळ्यांचं?" त्या दिवशी मुलांनी वाडीतली केळी आणि उकडलेलं कोनफळ खाल्लं. दुसऱ्या दिवशी तेच. आप्पा म्हणाले, दवाखान्यात नेऊ. माईंनी काढा दिला. मुलांनी काढा निमूट प्यायला आणि भात तसाच ठेवला.

इथे मी जे केलं ते लिहायला हात अडखळतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओळीत बसवून भाषण दिलं. अन्न हे पूर्णब्रह्म, माई तुमच्यासाठी धुरात डोळे घालवतात, आणि तुम्ही त्यांच्या ताटाचा अपमान करता. कॉलेजात मला तोंड उघडता येत नव्हतं, इथे मात्र शब्द भराभर सुचत होते. सोमी खाली मान घालून ऐकत राहिली. कमळी रडली. मला वाटलं, चांगला परिणाम झाला. आज पन्नासेक वर्गांना शिकवून झाल्यावर मला कळतं की गप्प बसलेल्या मुलाला आधी विचारायचं असतं. पण हे कळायला पगार घेऊन शिकवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी आई आली. पाटी उतरवून तिने पडवीत नजर टाकली. सात पानं, सात भाताचे ढीग, न मोडलेले.

"काय गो पोरींनो? भात कावळ्यांना वाढलाय काय?"

माई चुलीपाशी बसून होत्या. "तूच विचार, काशी. तीन दिवस झाले. माझ्या हाताला काय झालंय देव जाणे."

आईने एका पानावरची चार शितं उचलली, बोटांत चुरली, वास घेतला. "नवा हाय."

"हो. आपल्याच शेतातला."

आई सोमीसमोर उकिडवी बसली. "तुमच्या घरी नवं झालं काय गो?"

सोमीने मान हलवली. नाही.

"मग खाणार कशी पोर!" आई उठली आणि माझ्याकडे वळली. "तुझा बाप नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय होडीला हात लावते काय रे? समोर मासा उड्या मारत असला तरी? इतकी वर्षं बघितलंस ना? कालेजात गेला आन् एवढं नाय समजलं तुला?"

आप्पांचा झोपाळा थांबला होता. माई उठून बाहेर आल्या आणि सोमीच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी मनाने वाढलं होतं, माई," सोमी म्हणाली. मग हळूहळू बोलायला लागली. "आमच्या कणसरीने अजून नाय खाल्लं. ती धान्याची आय हाय. आधी ती खाते, मग आमचे गेलेले खातात, मग आमी. पाड्यावर सगळ्यांचं एकदम होते. या रविवारी हाय. बाजारात आलेला माणूस सांगून गेला."

"मग रविवारपर्यंत मी जुना तांदूळ आणते ना कुठूनतरी. रविवारनंतर खा."

सोमीने पुन्हा मान हलवली. "घरातलं माणूस बाहेर असलं तर त्याचा घास ठेवतात. ते आल्याशिवाय माझी आय नवा भात खात नाय. मागच्या वर्षी पण नाय खाल्ला तिने. तशीच भट्टीवर गेली."

माईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "म्हणजे माझ्या नियमापायी तिची आई वर्षभर नव्या भाताशिवाय राहिली," त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. मग उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं."

आप्पा झोपाळ्यावरून उतरलेच. "अगं, आणि मुकादम? रविवारी नवं, सोमवारी टेम्पो. ही गेली तर मार्चात परीक्षेला कोण बसेल, तू?"

"माझा देव दसऱ्याला जेवला," माई म्हणाल्या. "हिचा उपाशी ठेवून हिला पास करून घेऊ? असली परीक्षा नको मला." मग त्या देवघराकडे गेल्या. रोजच्याच वाण्याच्या यादीच्या स्वरात त्यांनी सांगितलं, "मी सोडतेय सगळ्यांना. पुढचं तुझं तू बघ."

सोमी दारातून म्हणाली, "माई, तुमी पण चला. मास्तर, तुमी पण."

रविवारी आम्ही बोईसरहून एसटीने डोंगराकडे गेलो. बाकीची मुलं वाटेत आपापल्या पाड्यांच्या फाट्यांवर उतरत गेली. बुध्या उतरल्यावर इतका जोरात पळाला की त्याची पिशवी एसटीतच राहिली आणि कंडक्टरने ती खिडकीतून फेकली. आम्ही शेवटी उतरलो आणि कापलेल्या शेतांच्या बांधावरून चालत निघालो. माईंनी आयुष्यात एवढी चाल केली नव्हती. दर थोड्या वेळाने त्या थांबून म्हणायच्या, "काय सुंदर आहे गं तुमच्याकडे!" पण खरं तर दम खात असायच्या, आणि ते सोमीला कळत होतं, त्यामुळे तीही तिथे थांबून काहीतरी दाखवायची. हे झाड, ती टेकडी, इथे मी पडले होते.

सोमीचं घर कारवीच्या कुडाचं, नुकतं सारवलेलं. तिचे वडील जान्या अंगणात सूप दुरुस्त करत होते. ते उठले, मुलीकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं, आणि सूप हातातून खाली ठेवायचंच विसरले. आई बायजी आतून आली आणि सोमीच्या डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवत राहिली, ती अख्खी आली आहे ना, हे बघत असल्यासारखी.

घराच्या कोपऱ्यात धान्याची कणगी होती, तिच्यापाशी पहिला भात पानावर ठेवला. एका म्हातारीने पुटपुटत कणसरीला बोलावलं. दुसरं पान बाहेर, गेलेल्यांसाठी. मग घरातली माणसं ओळीने बसली आणि बायजी वाढायला लागली. मी आणि माई पाहुणे म्हणून जरा बाजूला बसलो होतो. तिने पहिलं पान माईंसमोर ठेवलं. म्हातारीने तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. सोमीने हसत आम्हाला सांगितलं, "आजी विचारते, पाव्हणीला आधी का? आय म्हणाली, ही पाव्हणी नाय, घरातलीच हाय." भात, उडदाची आमटी, काकडीच्या फोडी, एवढंच होतं. माईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धूर फार आहे," त्या म्हणाल्या. चूल अंगणाच्या पलीकडे होती.

मग बायजीने स्वतःचं पान घेतलं आणि सोमीच्या शेजारी बसून पहिला घास खाल्ला. मी बऱ्याच पंगतींत जेवलोय, पण एका बाईने एक घास खाल्ला म्हणून अख्खं घर हसलेलं मी तिथेच पाहिलं.

दुपार कलताना तारपा वाजायला लागला. दुधीभोपळ्याचा तो लांब वाजा, त्याचा आवाज आधी नाकातून आल्यासारखा वाटतो आणि मग पायांत उतरतो. मुलीबायका एकमेकींच्या कमरेला हात घालून साखळी धरून फिरायला लागल्या. सोमीने माईंना ओढलं. माई "अगं नको, अगं वय बघ" म्हणत गेल्या आणि दोन फेऱ्या नाचल्या, चपला हातात घेऊन, दर चौथं पाऊल चुकवत. सगळ्या साखळीने त्यांच्यासाठी ते पाऊल चुकवायला सुरुवात केली. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आठ दिवस विश्वास ठेवला नाही.

शेवटची एसटी पाचला होती. निघताना मी माईंना बाजूला घेतलं. "विचारा ना जान्यादादांना. उद्या टेम्पो येणार आहे. सोमीला आत्ताच बरोबर नेऊ."

"नाही."

"माई, परीक्षा—"

"जेवायला आलो होतो. जेवून उठून पोर मागितली, तर ते जेवण काय राहिलं? त्यांना वाटेल, बाई यासाठीच आली होती." माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हरेश, मागायचं नाही. मी वर मागितलंय, तेवढं पुरे."

जान्यादादा आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले. एसटी आली तेव्हा म्हणाले, "सांभाळून जा." एवढंच.

पुढच्या आठवड्यात एकेक मूल परत यायला लागलं. पहिला बुध्या, बापाच्या खांद्यावर बसून, काखेत त्याच्याएवढी काकडी. मग कमळी. मग बाकीचे. कुणी नाचणी आणली, कुणी मध, कुणी कोंबडी. ती कोंबडी आप्पांच्या झोपाळ्यावर बसायला शिकली आणि आप्पांना उठवायला लागली. घर पुन्हा गजबजलं. सहा मुलं परत आली होती, त्यांतली चार तर स्वतःच्या आईबापांनी आणून सोडली. याआधी असं कधी झालं नव्हतं. फक्त सोमी आली नाही. दिवाळी सरली. शाळा सुरू झाली. कमळीच्या मामाने सांगितलं की जान्याच्या दाराला दोरी बांधलेली आहे, सगळं घर भट्टीवर गेलं.

त्या संध्याकाळी मी माईंना नको ते बोललो. म्हणालो, एका शब्दाने विचारलं असतं तर ती आज इथे असती. तुमच्या देवाने काय केलं? माई भाकऱ्या थापत होत्या, थांबल्या नाहीत. "देवाला बोल, चालेल," त्या म्हणाल्या. "त्याला सवय आहे. पण जान्याला काही बोलू नकोस. त्याची मुलगी आहे ती." मला आणखी राग आला. मी फळा पुसला, निघालो, आणि पुढे दोन आठवडे तिकडे फिरकलो नाही. आईला सांगितलं, माझा कॉलेजचा अभ्यास आहे. खरं तर सोमीची रिकामी जागा मला बघवत नव्हती. तिच्यापेक्षा मीच जास्त हरलो होतो, असं मला वाटत होतं. किती स्वतःपुरता विचार होता तो! देवावर माझा माईंएवढा विश्वास कधीच बसला नाही, आजही नाही. पण त्या दोन आठवड्यांत मी घरी तोंड पाडून बसलो होतो आणि त्या तिकडे रोज भात शिजवत होत्या, एवढा फरक मला आज दिसतो.

एका दुपारी मी दांडीच्या किनाऱ्यावर बापाबरोबर बोंबील वाळत घालत होतो. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर एकात एक तोंडं अडकवून बोंबलांची रांग लावायची. वाऱ्याने डोळ्यांत वाळू येत होती. इतक्यात आई दिसली. ती या वेळेला कधीच परतायची नाही. डोक्यावर पाटी, पाटीत अर्धी मासळी तशीच, आणि वाळूतून भराभर पाय टाकत येत होती, लांबूनच हातवारे करत. बापाला वाटलं, कोणी गेलं की काय. तो हातातले बोंबील टाकून उभा राहिला.

"आली!" आई ओरडली. "जान्या स्वतः घेऊन आला!"

तिने पाटी वाळूत टेकवली आणि श्वास घेत घेत सगळं सांगितलं. जान्या भट्टीवर गेला होता, कारण मुकादमाकडे त्याने सोमीचंही नाव आधीच दिलं होतं. पाठमोरं पळून जायचं नाही, तोंडावर सांगायचं, म्हणून गेला. तिथे झोपडी उभी केली, बायजीला बसवलं, आणि मुकादमासमोर जाऊन म्हणाला की माझी पोर विटांना नाय येणार, तिच्या वाटणीच्या मी थापीन. मुकादमाने महिनाभर तंगवलं. तोवर भट्टीवरच्या दुसऱ्या माणसांनी विचारलं, कुठल्या घरी ठेवतोस पोर? जान्याने सांगितलं, आमच्या घरचं नवं खाल्लेली बाई हाय. मग त्यांनीही आपली पोरं त्याच्या हाती दिली.

"त्यांनीही? म्हणजे किती जण आले?" मी विचारलं.

"मी कशाला मोजते? माई म्हणाली, जेवत्या पोरांना मोजायचं नाय. पंगत पडवीतून उतरून अंगणात गेलीय, एवढं बघितलं मी."

"आणि सोमी? सोमी बसलीय का जेवायला?"

"ती कशी बसेल?" आई म्हणाली. "तीच तर वाढते हाय."